‘असतो’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

जुलैचा शेवटचा आठवडा आला की भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या शाळांची हजेरी उतरते. रोवणीचे दिवस असतात. मोठ्या मुली घरी धाकट्या भावंडांना सांभाळतात, मुलं बांधीवर शिदोरी पोचवतात. अशाच एका ओल्या दुपारी सातवीच्या वर्गात मी फळ्यावर मराठीत चार वाक्यं लिहिली आणि त्यांचं इंग्रजी करायला सांगितलं. एक वाक्य होतं, ‘माझी आई कधीच उशिरा उठत नाही.’ पहिल्या बाकावरची मुलगी उठली, खडू घेतला आणि सुबक अक्षरात तिनं लिहिलं, ‘माय मदर नेव्हर डजन्ट गेट अप लेट.’

तिच्या बाजूनं पाहिलं तर सगळं जुळत होतं. ‘कधीच’ला ‘नेव्हर’, ‘नाही’ला ‘डजन्ट’, ‘उशिरा’ला ‘लेट’. एकही शब्द तिनं सोडला नव्हता. पण आजच्या प्रमाण इंग्रजीत त्या वाक्याचा अर्थ उलटा होतो. आई उशिरा उठत नाही असं कधीच होत नाही, म्हणजे ती रोज उशिराच उठते! आणि ही आई रोवणीच्या दिवसांत पहाटे चारला चूल पेटवते, भाकरी-भाजी करून ठेवते आणि उजाडल्यावर घोटाभर चिखलात वाकून उभी राहते. एका जास्तीच्या शब्दानं तिच्या कष्टावर पाणी फिरलं.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. इंग्रजीतले ‘ऑलवेज’, ‘युजुअली’, ‘ऑफन’, ‘समटाइम्स’, ‘रेअरली’, ‘नेव्हर’ हे शब्द आपण पाठ्यपुस्तकातल्या एका चौकटीत पाठ करतो आणि पुढे जातो. मराठीतही त्यांचे भाऊबंद आहेत. मो. रा. वाळंबे यांच्या व्याकरणातून ज्यांनी परीक्षा दिल्या, त्यांना कालवाचक क्रियाविशेषणांचे तीन प्रकार आठवतील: कालदर्शक, सातत्यदर्शक आणि आवृत्तिदर्शक. ‘वारंवार’, ‘पुन्हा पुन्हा’, ‘दररोज’, ‘सालोसाल’ हे आवृत्तिदर्शक. क्रिया किती वेळा घडते ते सांगणारे. म्हणजे मुलांना ही कल्पना नवी नाही, नावही नवं नाही. तरीही चूक होते, वर्षानुवर्षं तीच होते, आणि हुशार मुलांची होते. मग तिचं कारण मुलांच्या अभ्यासात नसून दोन भाषांच्या घडणीत असणार.

मला सापडलेलं कारण असं. मराठी माणूस सवय क्रियापदात ठेवतो. इंग्रज ती एका सुट्या शब्दात ठेवतो.

आपल्या ‘आहे’ आणि ‘असतो’ या दोन शब्दांकडे पाहा. ‘भाऊ घरी आहे का?’ असं कुणी दारात येऊन विचारलं तर तो आत्ताचं विचारतोय. ‘नाही, या वेळी तो दुकानात असतो,’ हे उत्तर रोजचं सांगतं. ‘वैनगंगा दुथडी आहे’ म्हटलं की डोळ्यांपुढे आजचा पूर. ‘वैनगंगा श्रावणात दुथडी असते’ म्हटलं की दरवर्षीचा. एवढा मोठा फरक आपण एका रूपानं करतो आणि चार वर्षांचं पोर तो बिनचूक करतं. इंग्रजीत मात्र या दोन्ही ठिकाणी एकच ‘इज’. ‘ही इज ॲट द शॉप’ म्हणजे तो आत्ता दुकानात आहे की रोज असतो, हे त्या ‘इज’वरून कळत नाही. म्हणून इंग्रजीला ‘युजुअली’ लागतो: ‘ही इज युजुअली ॲट द शॉप.’ आपल्याला ‘असतो’ पुरतो, तिथे त्यांना जास्तीचा शब्द घ्यावा लागतो. मूल ‘असतो’चं इंग्रजी शोधतं, त्याला ‘इज’ मिळतो, आणि वाक्यातली सवय वाटेतच गळून पडते.

आज्ञार्थातही हेच. आमच्याकडे पाहुणा निघाला की फाटकापर्यंत जाऊन म्हणतात, ‘येत जा गा.’ नुसतं ‘ये’ नाही. ‘येत जा’ म्हणजे एकदा येऊन थांबू नको, अधूनमधून येत राहा. ‘औषध घेत जा’, ‘फोन करत जा’, ‘उन्हात फिरत नको जाऊ’. इतक्या मायेचा, इतका नेमका प्रकार इंग्रजीच्या क्रियापदात नाही. तिथे ‘कम’च्या मागे ‘ऑफन’ जोडावा लागतो, आणि तरीही ‘येत जा’मधली ओढ त्यात पुरती उतरत नाही, असं माझं मत आहे.

‘आय ॲम गोइंग टू स्कूल डेली’ या वाक्याचाही उगम इथेच आहे. ही चूक एवढी पसरलेली आहे की पुष्कळांना ती चूक वाटतच नाही. आपण म्हणतो, ‘मी रोज शाळेत जात असतो.’ ‘जात’ आहे, ‘असतो’ आहे, म्हणजे दोन तुकडे झाले. मुलाला इंग्रजीतही दोन तुकड्यांचं रूप सापडतं: ‘ॲम गोइंग’. पण ते ‘जात असतो’ नसून ‘जातो आहे’ आहे, या घडीचं. रोजच्या सवयीला इंग्रजीत साधं ‘गो’ लागतं: ‘आय गो टू स्कूल एव्हरी डे.’ ‘गो’सारख्या क्रियापदांच्या साध्या वर्तमानकाळात ते सहसा आत्ताचं सांगत नाहीत, सवयीचं सांगतात. हे एकदा समजलं की निम्म्या चुका जागच्या जागी थांबतात.

आता जागेचा प्रश्न. मराठीत क्रियापद शेवटी असतं आणि बाकीच्यांना बऱ्यापैकी मोकळीक असते. ‘मी नेहमी बसने जातो’, ‘बसने मी नेहमी जातो’, ‘नेहमी मी बसने जातो’. जोर बदलतो, वाक्य मोडत नाही. इंग्रजीत ‘ऑलवेज’ची जागा एसटीतल्या राखीव आसनासारखी ठरलेली. पुस्तकं त्याचे तीन नियम सांगतात: साध्या क्रियापदाच्या आधी, ‘इज-आर’च्या नंतर, आणि ‘हॅव-कॅन-विल’सारखं सहायक क्रियापद असलं तर पहिल्या सहायकाच्या नंतर. मुलं हे तिन्ही पाठ करतात आणि परीक्षेत अदलाबदल करतात.

मी वर्गात तीन नियमांऐवजी एकच सांगतो: ‘नॉट’ जिथे बसला असता, तिथे याला बसवा. ‘शी इज नॉट लेट’, म्हणून ‘शी इज नेव्हर लेट’. ‘आय हॅव नॉट सीन अ टायगर’, म्हणून ‘आय हॅव नेव्हर सीन अ टायगर इन नागझिरा’. ‘वी डू नॉट गो’, तर ‘डू नॉट’ उचला आणि तिथेच ‘ऑफन’ ठेवा: ‘वी ऑफन गो टू तुमसर’. प्रश्नातही तेच. ‘डू यू नॉट’ तसंच ‘डू यू ऑफन गो टू द बझार?’ मुलांना ‘नॉट’ची जागा कानानं माहीत झालेली असते. माहीत असलेल्या जागेवर नवा पाहुणा बसवणं सोपं जातं. ‘समटाइम्स’ आणि ‘युजुअली’ या दोघांना वाक्याच्या सुरुवातीलाही मुभा आहे, ‘समटाइम्स’ शेवटीही चालतो. ‘ऑलवेज’ला साध्या विधानात सुरुवातीला आणू नये. ‘नेव्हर’ सुरुवातीला आणला तर पुढचं सगळं वाक्य प्रश्नासारखं उलटवावं लागतं, ‘नेव्हर हॅव आय सीन’ असं. ते भाषणात, गोष्टीत शोभतं. सातवीत त्याची गरज नाही.

परत त्या फळ्यावरच्या वाक्याकडे येऊ. मराठीत ‘कधीच’ एकटा नकार देत नाही, त्याला ‘नाही’ लागतो. ‘कुणीच आलं नाही’, ‘काहीच उरलं नाही’, ‘कधीच पाहिलं नाही’. नकार क्रियापदाशी असतो आणि ‘कधीच’ त्याला रेटा देतो. ‘नेव्हर’ची गोष्ट वेगळी. त्याच्या पोटातच नकार आहे. जुन्या इंग्रजीत ‘ने’ म्हणजे ‘नाही’. तो ‘एव्हर’ला चिकटला आणि ‘नेव्हर’ झाला. म्हणून ‘नेव्हर’ बरोबर दुसरा ‘नॉट’ नको. ‘माय मदर नेव्हर गेट्स अप लेट.’ झालं. ‘रेअरली’, ‘सेल्डम’, ‘हार्डली एव्हर’ यांनाही हाच कायदा लागू.

पण माझ्या विद्यार्थिनीला मी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती खरी आहे. इंग्रजीतही पूर्वी दोन नकार सर्रास एकत्र येत. १४ व्या शतकातल्या चॉसरच्या लेखनात ते जागोजाग सापडतात आणि तिथे एक नकार दुसऱ्याला खोडत नाही, बळ देतो, अगदी आपल्या ‘कधीच नाही’सारखा. पुढे प्रमाण इंग्रजीतून ही पद्धत मागे पडली आणि १८ व्या शतकातल्या व्याकरणकारांनी दोन नकार म्हणजे होकार असा दंडक घालून दिला. तेव्हा तिनं लिहिलेलं वाक्य मूर्खपणाचं नव्हतं, फक्त आजच्या प्रमाण इंग्रजीत ते चालत नाही. हे ऐकून तिच्या चेहऱ्यावरची लाज गेली. चूक कुठून येते हे मुलाला कळलं तर ती सुटते. नुसती लाल फुली मारली तर फक्त धाक बसतो.

नकाराच्या बाबतीत मराठीतच एक खाच आहे, तीही इथे सांगितली पाहिजे. ‘मी नेहमी बसने जात नाही’ याचे दोन अर्थ निघतात. कधी बसने जातो कधी सायकलने, हा एक. बसने कधीच जात नाही, हा दुसरा. बोलताना आपण सुरावरून समजून घेतो. इंग्रजीत ‘आय डोन्ट ऑलवेज गो बाय बस’ म्हटलं की पहिलाच अर्थ. दुसऱ्यासाठी ‘नेव्हर’ आहे. आणि ‘सहसा’ हा आपला शब्द तर बहुतेक नकाराच्याच सोबतीनं फिरतो: ‘तो सहसा बोलत नाही.’ याचं ‘ही रेअरली स्पीक्स’ करावं, किंवा ‘ही डजन्ट युजुअली स्पीक’. दोन्ही बरोबर, पण त्यांची सरमिसळ करून ‘ही रेअरली डजन्ट स्पीक’ केलं तर तो अबोल माणूस बडबड्या होतो.

‘आठवड्यातून दोनदा’ ही आणखी एक जागा. आपला ‘-तून’ प्रत्यय मुलांना ‘फ्रॉम’ किंवा ‘इन’कडे ओढून नेतो. इंग्रजीत मात्र ‘ट्वाइस अ वीक’. हा ‘अ’ मुलांना ‘एक’ वाटतो. मुळात तो ‘ऑन’ या जुन्या शब्दयोगी अव्ययाचा झिजलेला अवशेष आहे, ‘दर’ या अर्थाचा. ‘दर मंगळवारी’ म्हणताना ‘एव्हरी ट्यूजडे’ पुरे, त्याच्या आधी ‘ऑन’ नको. आणि असे मोजून सांगणारे शब्द ‘ऑलवेज’च्या राखीव आसनावर बसत नाहीत, त्यांची जागा वाक्याच्या शेवटी किंवा अगदी सुरुवातीला.

हे शिकवायला मला शाळेतल्या गोळ्यांइतकं चांगलं साधन सापडलं नाही. साप्ताहिक योजनेतली लोहाची निळी गोळी किशोरवयीन मुलांना आठवड्यातून एकदा मिळते: ‘वन्स अ वीक’. जंतनाशक गोळी फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये: ‘ट्वाइस अ इयर’. हत्तीरोगाचा प्रादुर्भाव आपल्या जिल्ह्यात जुना आहे, त्याच्यावरच्या सार्वत्रिक मोहिमेतली औषधं वर्षातून एकदा: ‘वन्स अ इयर’. तिन्ही गोष्टी मुलांच्या तोंडात गेलेल्या आहेत, चव माहीत आहे, त्यामुळे तीन वाक्यं कायमची बसतात.

औषधाच्या चिठ्ठीवर तर या शब्दांना जिवाचं मोल येतं. तिथे इंग्रजीही नसतं, लॅटिनची अक्षरं असतात. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तरच. म्हणूनच पुष्कळ डॉक्टर ‘१-०-१’ असं लिहितात: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ही अक्षरं आठवी-नववीच्या मुलांना शिकवली तर घरातल्या आजी-आजोबांची चिठ्ठी ती वाचू शकतील. अभ्यासक्रमात नसलं तरी मी ते शिकवतो. शंका आली तर औषध देणाऱ्याला पुन्हा विचारायचं, हेही सांगतो.

काळ मोजण्याच्या शब्दांत एक सुंदर गंमत दडलेली आहे. आपण ‘पंधरवडा’ म्हणतो, पंधरा दिवसांचा. इंग्रज ‘फोर्टनाइट’ म्हणतो, तो मुळात ‘चौदा रात्री’ आहे. काळ जवळपास तोच, आपण दिवस मोजले, त्यांनी रात्री मोजल्या. ‘बाय-वीकली’ या शब्दापासून मात्र सावध राहावं. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावर एखाद्या गाडीपुढे तो दिसला तर रेल्वेच्या भाषेत ती गाडी आठवड्यातून दोनदा धावते. पण इंग्रजी कोशांत त्याच शब्दाचा ‘दोन आठवड्यांतून एकदा’ हाही अर्थ दिलेला असतो. शंका नको असेल तर ‘ट्वाइस अ वीक’ लिहावं.

गाइडांमध्ये या शब्दांची टक्केवारी छापलेली असते. ‘ऑलवेज’ शंभर, ‘नेव्हर’ शून्य, आणि मधल्यांना नव्वद, सत्तर, पन्नास असे आकडे वाटलेले. दोन टोकं ठीक आहेत. मधले आकडे मला मान्य नाहीत, कारण हे शब्द नुसतं किती वेळा ते सांगत नाहीत, अपेक्षेच्या मानानं किती, ते सांगतात. नागझिऱ्यात दहा फेऱ्यांत तीनदा वाघ दिसला तर जंगलाचा वाटाड्या ‘ऑफन’ म्हणेल. दहा दिवसांत तीनदा शाळेला उशीर झाला तर मी ‘टू ऑफन’ म्हणेन. पण दहा दिवसांत तीनदाच वीज असेल तर कुणीही ‘रेअरली’च म्हणेल. तीन तोच, शब्द वेगळे. वैनगंगेचंच घ्या. पावसाळ्यात ती ‘युजुअली’ फुगते. भंडारा शहराच्या वस्त्यांत मात्र ती ‘रेअरली’ शिरते. पण ऑगस्ट २०२० च्या अखेरीस शिरली तेव्हा ज्यांच्या घरातलं धान्य आणि वह्या-पुस्तकं भिजली, त्यांना त्या ‘रेअरली’चा आकडा विचारू नये. शब्द निवडताना कुणाच्या बाजूनं बोलतो आहोत हे मुलांना शिकवावं, टक्के नकोत.

‘ऑलवेज’चं आणखी एक रूप आहे, तक्रारीचं. वर ज्या ‘-इंग’ रूपाला सवयीत जागा नाही म्हटलं, ते रूप ‘ऑलवेज’ बरोबर मुद्दाम वापरतात. ‘ही ऑलवेज लूजेस हिज पेन’ ही नुसती माहिती झाली. ‘ही इज ऑलवेज लूजिंग हिज पेन’ म्हटलं की बोलणारा वैतागला आहे. आपल्याकडे हे काम ‘सारखा’ किंवा आमच्या बाजूचा ‘घडीघडी’ करतो: ‘घडीघडी पेन हरवते याचा.’ दोन भाषांच्या आया इथे एकाच सुरात बोलतात.

आज्ञा आणि सूचनांमध्ये ‘ऑलवेज’ आणि ‘नेव्हर’ सुरुवातीला येतात: ‘ऑलवेज वेअर अ हेल्मेट’, ‘नेव्हर क्रॉस द ट्रॅक’. म्हणून मुलांना घेऊन एकदा रस्त्यावरच्या, स्टेशनावरच्या, कारखान्याच्या फाटकावरच्या पाट्या वाचत फिरावं. तिथे हे शब्द माणसाला जपण्यासाठी उभे असतात.

एक गोष्ट बोलायची राहिली. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पण भंडाऱ्याच्या खेड्यातलं मूल मराठीतून इंग्रजीकडे जातं, हे पुरतं खरं नाही. घरी ते झाडीबोली बोलतं, ज्या बोलीचा अभ्यास साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी केला. तुमसरकडे कुणी पोवारी बोलतं, बाजारात हिंदी असते. पुस्तकातली मराठी ही त्याची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी किंवा चौथी. ‘घडीघडी’ म्हणणाऱ्या मुलाला आपण आधी ‘वारंवार’ शिकवतो आणि मग ‘ऑफन’. मधली पायरी अनेकदा त्याला अडखळवते. ‘घडीघडी’वरून थेट ‘ऑफन’कडे जाऊ द्यावं, एवढी मोकळीक वर्गात हवी. बोली दाबून इंग्रजी चांगलं होतं असं मी माझ्या वर्गात आजवर पाहिलेलं नाही.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी घरच्याच गोष्टींवर पाच वाक्यं लिहून आणायला सांगितली, मराठीत ‘असतो, असते, जातो, येत जा’ वापरून, आणि मग इंग्रजीत. तिच्या वहीतलं पहिलं वाक्य होतं, ‘माय मदर ऑलवेज गेट्स अप ॲट फोर.’ दुसरं, ‘शी इज नेव्हर लेट.’ शिक्षक-पालकांना माझी विनंती एवढीच आहे: गाइडातला ‘रमेश’ आणि त्याचा टेनिसचा खेळ बाजूला ठेवा. मुलाला विचारा, तुझ्या घरी कोण कधी उठतं, बाजार कोणत्या वारी असतो, मामा किती दिवसांनी येतो. उत्तर आधी त्याच्या बोलीत येऊ द्या, मग त्याच्यासोबत बसून ‘असतो’साठी इंग्रजी शब्द शोधा.